आमची वाटचाल: अर्धवट गुराबेचे फोटो

आमच्या शेडमध्ये येणारा माणूस आधी काचेच्या पेटीतली पूर्ण गुराब, म्हणजे मराठा आरमारातल्या जुन्या लढाऊ जहाजाची लाकडी प्रतिकृती, बघतो आणि किंमत विचारतो. आमचं पोट मात्र मागच्या फळीवर ओळीने ठेवलेल्या, फासळ्या उघड्या असलेल्या सांगाड्यांवर चालतं.

आमचं घराणं मेस्त्र्यांचं. देवगडच्या खाडीवर बाबांनी मचवे आणि होड्या बांधल्या. पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि त्यांच्या वाट्याला जुन्यांची डागडुजी तेवढी उरली. मी पुण्यात ड्राफ्ट्समन होतो. २०१३ साली नोकरी सोडून गावी आलो आणि पर्यटकांसाठी शोभेची गलबतं करू लागलो. रंगवलेली शिडं, भरपूर फेविकॉल. ती खपत होती, पण बाबा त्यांच्याकडे बघतही नसत.

दोन वर्षांनी एक गिऱ्हाईक म्हणालं, "तयार नको, तुकडे द्या. मी जोडतो." तिथून किटचा धंदा सुरू झाला.

पहिलं किट आंग्र्यांच्या गुराबेचंच करायचं ठरवलं. विजयदुर्ग आणि गिर्ये इथली मराठा आरमाराची गोदी आमच्याच तालुक्यातली. मूळ आराखडा मात्र हाताशी नव्हता. आधार होता तो रॉबर्ट ऑर्म या ईस्ट इंडिया कंपनीच्या इतिहासकाराने १८ व्या शतकात केलेल्या वर्णनाचा. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण १५० टनांची, तीन काठ्यांची ३०० ची. लांबीच्या मानाने रुंद, उथळ पाण्यात चालणारी, आणि पुढे सोंडेसारखी निघालेली नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. मी १:७२ प्रमाणात नकाशे काढले आणि नाळेवर सुंदर नक्षीचा कठडाही बसवला. त्या कठड्यावर आठवडा घालवला होता.

पहिली बारा किटं घेतलेल्यांना मी दर रविवारी माझ्या गुराबेचे फोटो पाठवायचो आणि तेही आपापले पाठवायचे. डोंबिवलीचे एक निवृत्त जहाज-अधिकारी त्यात होते. कठड्याचा फोटो पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला: "समोरून लाट आली की नाळेवरचं पाणी जाणार कुठून?" मी ऑर्म पुन्हा उघडला. स्पष्ट लिहिलं होतं: समोरच्या लाटांत गुराब जोरात आदळते, म्हणून नाळेचा डेक उघडाच ठेवतात, पाणी विनाअडथळा वाहून जावं म्हणून. मी ते वाचलं होतं, पण कठड्याच्या मोहात विसरलो होतो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तू माका इचारलंस खय?"

कठडा काढला आणि बाराही जणांना नवा नकाशा पाठवला. तेव्हापासून कुठलंही नवं किट विकायला काढण्याआधी त्याचे अर्धवट फोटो दाखवायचे, चुकांसकट, हा आमचा नियम. बाबाही मधे बोलू लागले.

दुसरा धडा पावसाने दिला. जुलैत कापलेल्या शिवणीच्या लाकडाच्या फळ्या नागपूरला गेल्या आणि मे महिन्यात तिथल्या गिऱ्हाइकाच्या गुराबेला फळी-फळीत फटी पडल्या. आमच्या दमट हवेत फुगलेलं लाकूड तिकडच्या उन्हाळ्यात आकसलं. फळ्या बदलून दिल्या. आता जून ते सप्टेंबर आम्ही कापणी करत नाही. त्या दिवसांत दोरखंड वळतो, धाग्याला मेण लावतो, नकाशे तपासतो.

नवख्यांची गाडी अडते ती फळ्या बसवताना. फळी १.५ मिलिमीटर जाड, ५ रुंद. जहाजाचं पोट मध्ये फुगीर, टोकांना निमुळतं. सगळ्या फळ्या सारख्याच रुंद ठेवल्या तर पुढे गर्दी होते. म्हणून कागदाची पट्टी प्रत्येक फासळीवर गुंडाळून माप घ्यायचं, ते उरलेल्या फळ्यांत वाटायचं आणि प्रत्येक फळी टोकाकडे तासायची. निम्म्याहून बारीक करावी लागली तर ती ओळ तिथेच थांबवायची. डावी-उजवी आलटून पालटून बसवायची, नाहीतर पठाणच (जहाजाचा तळाचा कणा) पिळतो. हे सगळं मी कागदावर छापून देतो, तरी पाचव्या फळीला फोन येतोच. येऊ दे. त्या फोनवरच ओळखी झाल्या.

आज आम्ही तिघे आहोत: मी, बायको आणि गावातला एक मुलगा. महिन्याला पंधरा-सोळा किटं जातात. जास्त करायची म्हटली तर लाकूड सुकवायला जागा नाही.

यंदा गलबताचं, म्हणजे गुराबेहून लहान, वल्ह्यांच्या जहाजाचं किट काढलंय. ऑर्मच्या हिशेबाने चाळीस-पन्नास वल्ही. आम्ही चाळीस दिली आणि दोन जास्तीची. नागपूरच्या त्याच गिऱ्हाइकाचा काल फोटो आला, सव्वीस बसलीत. खाली लिहिलंय: घरातल्या लहानाने तीन पळवली, पत्त्यावर पाठवा.