तुटलेली तार आणि आत्याचा तंबोरा

लंडनच्या नॅशनल गॅलरीत जायला पैसे लागत नाहीत, आणि तिथली दुपारची बरीचशी व्याख्यानंही फुकट असतात. एक चित्र, त्याच्याबद्दल बोलणारा एक जाणकार आणि भोवती उभा राहिलेला घोळका. त्यात ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत आलेले असतात, निवृत्त झालेले असतात, कॉलेजची पोरंपोरी असतात. सोलापूरच्या मैत्रिणी फोनवर विचारतात, "एका चित्रावर अर्धा तास काय बोलत असतील गं?" तर सांगते.

माझं लाडकं चित्र हान्स होल्बाइनचं, १५३३ सालचं, 'राजदूत' नावाचं. ज्याँ द दॅन्तव्हिल आणि जॉर्ज द सेल्व हे दोन तरुण फ्रेंच गृहस्थ एका मांडणीवर हात टेकून उभे आहेत. चित्र दोन मीटरहून उंच आणि जवळजवळ तितकंच रुंद, त्यामुळे ते दोघं आपल्या समोरच उभे आहेत असं वाटतं. वरच्या फळीवर आकाशाचा गोल आणि वेळ मोजायची उपकरणं. खालच्या फळीवर पृथ्वीचा गोल, हिशेबाचं पुस्तक, बासऱ्या आणि ल्यूट नावाचं फुगीर पाठीचं तंतुवाद्य. जमिनीवर एक तिरपी, ताणलेली करडी आकृती, जिचा समोरून काही पत्ता लागत नाही. व्याख्यान देणाऱ्या बाईंनी आम्हाला चित्राच्या उजव्या कडेला, भिंतीला जवळजवळ खेटून उभं केलं, तेव्हा त्या आकृतीची कवटी झाली.

कवटी बघून सगळे हरखतात. मी मात्र वरच्या फळीवर अंथरलेल्या तुर्की गालिच्यावर अडकले होते. माझे बाबा चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचे. आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरत जायचं, मग त्यावरून जॅकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं पडायची आणि मागावर मोर उमटायचा. घरात असा कागद पसरलेला बघत मी मोठी झाले. बाबांना गालिच्याचा फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा करकरून पाहिला आणि म्हणाले, "फळीच्या कडेवरून कापड खाली वळतंय ना, तिथंही नक्षीची ओळ सोडली नाही यानं. समोर ठेवून काढलंय, मनानं नाही."

आणि मग ती तार. ल्यूटची एक तार तुटलेली आहे. सांगितल्याशिवाय दिसत नाही, आणि एकदा दिसली की दुसरं काही दिसेनासं होतं. शेजारीच पोपची सत्ता नाकारणाऱ्या मार्टिन लूथरच्या पंथाचं भजनांचं पुस्तक उघडं पडलंय. त्या काळात युरोपात धर्मावरून उभी फूट पडत होती, राजे आणि पोप एकमेकांना भिडले होते, आणि हे दोघं त्याच धामधुमीतले मुत्सद्दी. तुटलेली तार म्हणजे त्या काळाचा बिघडलेला सूर, असं बाईंनी समजावलं. मी हेच चित्र सोलापुरात बाळीवेशीत राहणाऱ्या माझ्या आत्याला दाखवलं. ती भजनी मंडळ चालवते, तरुणपणी शास्त्रीय शिकलेली आहे. तिचं पहिलं वाक्य, "तार तुटलेलं वाद्य असं चारचौघांत कोण मांडून ठेवतं?" चित्राला नेमका हाच प्रश्न विचारून घ्यायचा आहे, असं मला वाटतं.

२०१५ साली नॅशनल गॅलरीने सहा चित्रं निवडून संगीतकारांना आणि ध्वनीवर काम करणाऱ्या कलाकारांना त्यांच्यासाठी काही रचायला सांगितलं होतं. प्रत्येक चित्राला स्वतंत्र अंधारी खोली, आणि तिथं फक्त ते चित्र आणि तो आवाज. फिनलंडच्या एका सरोवराच्या चित्राला ख्रिस वॉटसनने तिथल्या निसर्गाचेच आवाज दिले. होल्बाइनचं चित्र सुझन फिलिप्सकडे गेलं आणि तिने त्या तुटलेल्या तारेलाच धरलं. व्हायोलिनचे सुटेसुटे स्वर, मधे रिकाम्या जागा. वर्तमानपत्रांनी त्या प्रदर्शनावर बरीच टीका केली. चित्राला पार्श्वसंगीताची गरज काय, हा त्यातला मुख्य मुद्दा. मला तो अर्धाच पटतो. चित्र उदास आहे म्हणून उदास धून लावली, तर बघणाऱ्याचं काहीच वाढत नाही. पण संगीतकाराने चित्रातली एखादी बारीक, नेमकी गोष्ट पकडली, तर आपण त्या गोष्टीपाशी थांबतो, आणि कानाने थांबवलेलं माणूस डोळ्यांनी जास्त वेळ बघतं.

या गॅलरीत संगीत शिरलं ते युद्धामुळे. १९३९ साली बॉम्बच्या भीतीने सगळी चित्रं बाहेर हलवली, पुढे ती वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत ठेवली. लंडनमध्ये संध्याकाळचे कार्यक्रम बंद पडले होते. तेव्हा पियानोवादक मायरा हेस यांनी रिकाम्या भिंतींमधे दुपारच्या मैफली सुरू केल्या, तिकीट एक शिलिंग. पहिली मैफल १० ऑक्टोबर १९३९ ची. थोडेफार लोक येतील असं वाटलं होतं, आले हजाराच्या घरात. सोमवार ते शुक्रवार असं १९४६ पर्यंत चाललं, एकूण १,६९८ मैफली. बॉम्बहल्ले वाढले तेव्हा बैठक तळघरात हलली, पण थांबली नाही. ज्या जर्मनीशी लढाई चालू होती तिथल्याच बाख आणि बेथोव्हेनचं संगीत लोक ऐकत होते. याचं मला फार मोल वाटतं. आणि १९४२ मध्ये लोकांच्या मागणीवरून खाणीतून महिन्याला एकच मोठं चित्र परत आणून टांगायला सुरुवात झाली. गॅलरीत दुसरं काही नाही, म्हणून लोक त्या एकाच चित्रापुढे उभे राहायचे. एका चित्रावर अर्धा तास कसा काढतात, ते या शहराने तेव्हाच शिकून घेतलं असावं.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी सोलापूरला आले होते. आत्याच्या बैठकीत मंडळाच्या बायका जमल्या होत्या, तेव्हा टीव्हीवर 'राजदूत' लावलं आणि फिलिप्सने काय केलं ते सांगितलं. आत्याने थोडा वेळ चित्र पाहिलं आणि कोपऱ्यातला मिरजेचा जुना तंबोरा मांडीवर घेतला. तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची, म्हणजे प, मग दोन जोडीचे षड्ज, म्हणजे सा, शेवटचा खर्ज, म्हणजे खालचा सा. तिने पंचमाची तार सैल सोडली. बोट फिरायचं त्याच लयीत, पण पहिल्या ठिकाणी आवाज नाही. नुसती जागा, मग सा, सा, खर्ज. त्यावर तिने रोजच्या म्हणण्यातलं एक भजन धरलं, ज्याची प्रत्येक ओळ पंचमावर येऊन टेकते.

बायकांनी ते वर्षानुवर्षं म्हटलेलं, तरी दुसऱ्या ओळीला सगळ्या अडखळल्या. गळा पंचमावर जातो, पण खाली त्याला धरणारं काही नाही. पेटी वाजवणाऱ्या काकूंचं बोट सवयीने त्या पट्टीकडे गेलं, तर आत्याने मानेनंच नको म्हटलं. तिसऱ्या ओळीला मात्र त्या जागेची सवय झाली, आणि प्रत्येक जण तो स्वर जरा जपून लावू लागली. गाणं संपल्यावर काकू उठून टीव्हीजवळ गेल्या आणि विचारलं, "नेमकी कुठली तार?" या चित्रावरची मी ऐकलेली व्याख्यानं उत्तमच होती. पण त्या दिवशी त्या बायकांनी जे पाहिलं, ते व्याख्यानाने दाखवता आलं नसतं.

त्यानंतर मी त्यांना आपल्याच भागातला एक माणूस दाखवला. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह, राज्य १५८० ते १६२७. चांदबीबी त्याची चुलती. तिच्या लग्नात सोलापूरचा किल्ला आदिलशाहीकडे आंदण गेला, ही गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतो. हा सुलतान स्वतः गायचा, तंबोरा वाजवायचा आणि तंबोऱ्याला त्याने मोतीखान असं नाव ठेवलं होतं. त्याच्या 'किताब-ए-नवरस' मधली दख्खनी भाषेतली गीतं भैरव, आसावरी, मल्हार, कल्याण, केदार अशा रागांखाली लावलेली आहेत, आणि त्यात सरस्वतीला वंदन आहे. फर्रुख बेगने काढलेलं त्याचं तंबोरा वाजवतानाचं चित्र आज प्रागच्या एका संग्रहालयात आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या चित्रात त्याच्या हातात चक्क चिपळ्या आहेत. मंडळातल्या बायका हे मानायलाच तयार नव्हत्या. चिपळ्या म्हणजे पंढरपूर, म्हणजे कीर्तनकार. सुलतानाच्या हातात कशा? मी चित्र मोठं करून दाखवलं.

आपल्याकडे चित्र आणि संगीताचं नातं उलट्या बाजूनेही फार रंगलं. रागमाला चित्रांत आधी राग, मग चित्र. तोडी म्हटलं की रानात वीणा घेतलेली बाई आणि सुरांनी ओढून आलेली हरणं. आसावरी म्हटलं की साप. दख्खनच्या दरबारांतही अशी चित्रं निघत होती. तोडीचं चित्र बघून आत्या म्हणाली, "हरणं आली ते ठीक, पण हिचा चेहरा बघ, ही त्यांच्यासाठी गात नाहीये." मग कितीतरी वेळ आम्ही त्या बाईबद्दलच बोलत बसलो.

विजापूर सोलापूरपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. आपण गोलघुमटात जातो, वर चढून हाक मारतो, प्रतिध्वनी ऐकतो आणि उसाचा रस पिऊन परत येतो. घुमटासमोरच्या नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, त्यात जुनी चित्रं आणि गालिचेही आहेत. त्याच्यापुढून आपण सरळ निघून जातो याची मला आता खंत वाटते. पुढच्या खेपेला मंडळाच्या बायकांना घेऊन तिथं जायचं ठरलंय. आत एकच वस्तू निवडायची, तिच्यापुढे अर्धा तास उभं राहायचं, मग बाहेर हिरवळीवर बसून ज्यांना जे सुचेल ते म्हणायचं. बाबा गालिच्यांसाठी येणार आहेत. सोलापुरातले कुणी गाणारे-वाजवणारे यायला तयार असतील तर मला जरूर लिहा, तारीख आत्याला विचारून कळवते.