तुम्ही विचारलंत म्हणून: आंद्रेओत्ती निर्दोष सुटले का?

इटालियन शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. कधी वर्गातला एखादा विद्यार्थी, कधी परदेशी राजकारण आवडीने वाचणारे नात्यातले काका. "तो सात वेळा पंतप्रधान झालेला आंद्रेओत्ती, माफियाशी संबंध ठेवले म्हणून खटला चालला होता ना त्याच्यावर? शेवटी निर्दोष सुटला, बरोबर?"

सुटले, हे खरं. निर्दोष हा शब्द मात्र मी वापरत नाही, वर्गात कुणी वापरला तर थांबवते. असं का, ते एकदा सविस्तर लिहावं म्हणून हे.

जुलिओ आंद्रेओत्ती १४ जानेवारी १९१९ रोजी रोममध्ये जन्मले. ते दोन वर्षांचे असतानाच वडील गेले. विद्यार्थी असताना व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पोपच्या जुन्या आरमाराची माहिती शोधत होते, तिथे त्यांची गाठ आल्चिदे दे गास्पेरींशी पडली. फॅसिस्ट राजवटीने बाजूला सारलेले दे गास्पेरी तेव्हा त्या ग्रंथालयात नोकरी करत होते. युद्ध संपलं, दे गास्पेरी पंतप्रधान झाले आणि १९४७ मध्ये त्यांनी या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाला आपल्या कार्यालयात उपमंत्री म्हणून आणलं. तिथपासून १९९२ पर्यंत आंद्रेओत्ती सत्तेपासून फार काळ लांब राहिलेच नाहीत. गृह, अर्थ, संरक्षण, उद्योग, परराष्ट्र अशी खाती सांभाळली. १९९१ मध्ये तहहयात सिनेटर झाले. रोज सकाळी चर्चला जाणारा, डोकेदुखीने कायम बेजार, हळू आवाजात बोलणारा माणूस.

एवढी वर्षं टिकले कसे, हे कळायला त्यांच्या पक्षाची रचना बघावी लागते. ख्रिश्चन डेमोक्रसी हा नावाला एक पक्ष, आत गटच गट. कुणाच्या गटाकडे किती मतं, यावर मंत्रिपदं ठरायची. आंद्रेओत्तींचा गट बराच काळ रोम आणि आसपासच्या लात्सिओ भागापुरताच होता. १९६८ मध्ये पालेर्मोचे माजी महापौर साल्वो लिमा त्यांना येऊन मिळाले आणि सिसिलीची मतं गटाच्या पदरात पडली. त्या मतांच्या जोरावर रोममधला एक पुढारी राष्ट्रीय पातळीवरचा नेता झाला. पुढचं सगळं या जोडणीपाशी येऊन मिळतं, म्हणून तारखा पाठ नसल्या तरी लिमांचं नाव लक्षात ठेवा, असं मी मुलांना सांगते.

३० जानेवारी १९९२ ला सर्वोच्च न्यायालयाने माफियाविरुद्धच्या महाखटल्यातल्या शिक्षा कायम केल्या. वर कुणीतरी सांभाळून घेईल, या भरवशावर बसलेल्या माफियावाल्यांचा भरवसा संपला. १२ मार्चला माफियाने लिमांना पालेर्मोजवळच्या मोंदेल्लोत गोळ्या घातल्या. २३ मे रोजी तो महाखटला उभा करणारे न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने, त्यांची पत्नी आणि तीन अंगरक्षक महामार्गावरच्या स्फोटात गेले. रोममध्ये तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक चालू होती आणि आंद्रेओत्तींचं नाव चर्चेत होतं. दोन दिवसांनी दुसरेच निवडून आले. पुढच्या वर्षी पालेर्मोच्या सरकारी वकिलांनी आंद्रेओत्तींवरच आरोप ठेवला. खटला चालवायला संसदेची परवानगी लागायची. ती द्या, असं आंद्रेओत्ती स्वतः म्हणाले आणि पुढे सुनावणीला हजरही राहिले. एवढ्या मोठ्या पदांवर राहिलेला माणूस असा कोर्टात येऊन बसतो, ही गोष्ट लहान नाही.

आता शब्दाकडे येते. १९९९ मध्ये खालच्या कोर्टाने सोडलं. २ मे २००३ ला अपील कोर्टाने निकालाचे दोन तुकडे केले. १९८० च्या वसंतानंतरच्या काळाबद्दल ते सुटले. त्याआधीच्या काळाबद्दल कोर्ट म्हणालं, गुन्हेगारी संघटनेत सहभागाचा गुन्हा घडलेला आहे, पण त्याची कायद्याने ठरवलेली मुदत उलटली आहे. मुदत संपली होती निकालाच्या काही महिनेच आधी. १५ ऑक्टोबर २००४ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंची अपिलं फेटाळली आणि हाच निकाल कायम झाला. इटालियनमध्ये 'आस्सोल्तो' म्हणजे निर्दोष सुटलेला, 'प्रेस्क्रित्तो' म्हणजे मुदत संपल्यामुळे शिक्षा न होऊ शकणारा. फळ्यावर हे दोन शब्द शेजारी लिहिले की वर्ग शांत होतो.

कोर्टाने काय मानलं, तेही सांगते. पिएरसांती मात्तारेल्ला हे सिसिलीचे प्रादेशिक अध्यक्ष, आंद्रेओत्तींच्याच पक्षाचे. सरकारी कंत्राटांतली घाण साफ करायला निघाले होते. माफिया त्यांच्यावर बिथरली आहे, हे आंद्रेओत्तींना माहीत होतं. माफियाप्रमुख स्तेफानो बोन्ताते याला ते खुनाआधी भेटले आणि खून झाल्यावर जाब विचारायला पुन्हा भेटले. पोलिसांना मात्र काहीच कळवलं नाही. कोर्टापुढे हे आलं ते माफियातून फुटून साक्ष द्यायला आलेल्यांकडून. आंद्रेओत्तींनी या भेटी शेवटपर्यंत नाकारल्या.

६ जानेवारी १९८० ला, सणाच्या दिवशी, मात्तारेल्ला कुटुंबाला घेऊन चर्चला निघाले होते. घराबाहेर गाडीतच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. लेतित्सिया बात्ताल्या या छायाचित्रकार योगायोगाने तिथे पोचल्या. त्यांचा काळापांढरा फोटो मी वर्गात दाखवते: गाडीचं दार उघडं, एक तरुण आत वाकून जखमी माणसाला बाहेर ओढतोय. तो तरुण म्हणजे धाकटा भाऊ सेर्जिओ. २०१५ पासून तेच इटलीचे राष्ट्राध्यक्ष आहेत. मुलं फोटोकडे बघत राहतात.

बात्ताल्यांचा आणखी एक फोटो खटल्यात आला. सिसिलीतली करवसुली ज्यांच्या हातात होती आणि माफियाशी ज्यांचं साटंलोटं होतं, त्या साल्वो बंधूंना आपण ओळखतच नाही, असं आंद्रेओत्ती सांगत राहिले. पुढे पोलिसांना बात्ताल्यांच्या संग्रहात जून १९७९ मधली छायाचित्रं सापडली. एका हॉटेलातला कार्यक्रम, आंद्रेओत्ती आणि त्यांच्याबरोबर नीनो साल्वो. ओळखत नसल्याचं म्हणणं ज्या कोर्टाने त्यांना सोडलं, त्यालाही पटलं नाही.

दुसरी बाजूही मी सांगते, कारण ती खरी आहे. नंतरच्या वर्षांत त्यांनी माफियाविरुद्ध खरोखर पावलं उचलली, हे अपील कोर्टानेच नोंदवलंय. १९९१ मध्ये सुटायच्या बेतात असलेल्या माफिया म्होरक्यांना पुन्हा आत टाकणारा वटहुकूम त्यांच्याच सरकारने काढला. माफियाप्रमुख रीनाने त्यांचं चुंबन घेतल्याची जगभर गाजलेली गोष्ट कोर्टाला पटली नाही, तेव्हा ती पुराव्यासारखी सांगू नये. पत्रकार मीनो पेकोरेल्लींच्या खुनाचा त्यांच्यावर वेगळा खटला होता, त्यात अपिलात त्यांना चोवीस वर्षांची शिक्षा झाली होती. ती २००३ मध्ये रद्द झाली. तिथे ते निर्दोषच सुटले, आस्सोल्तो.

काही जण लगेच आल्दो मोरोंचं, म्हणजे आंद्रेओत्तींच्याच पक्षाच्या माजी पंतप्रधानांचं, नाव काढतात. १६ मार्च १९७८ ला, आंद्रेओत्तींचं नवं सरकार विश्वासमताला सामोरं जाणार त्याच सकाळी, मोरोंचं अपहरण झालं. सरकारने वाटाघाटी नाकारल्या आणि पंचावन्न दिवसांनी प्रेत सापडलं. रोममधली ती काएतानी गल्ली मी पाहिली आहे. अरुंद, दुपारीही सावलीतली, भिंतीवर मोरोंच्या चेहऱ्याची पाटी. पण खून रेड ब्रिगेड्स या डाव्या अतिरेकी संघटनेने केला. वाटाघाटी कराव्या की नाही हा निर्णयाचा प्रश्न होता, त्यावर आजही वाद घाला. पालेर्मोच्या निकालात तो मिसळू नका.

२००६ मध्ये, सत्याऐंशीव्या वर्षी, आंद्रेओत्ती सिनेटच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि थोडक्यात हरले. तोवर अंतिम निकाल लागून दीड वर्ष झालं होतं आणि वर्तमानपत्रांत सर्रास 'निर्दोष' छापलं जात होतं. ६ मे २०१३ ला ते गेले. घराजवळच्या चर्चमध्ये साधा अंत्यविधी झाला.

म्हणून, काका, पुढच्या वेळी विचाराल तेव्हा 'सुटले ना?' एवढंच विचारा. हो म्हणेन. आणि मग मात्तारेल्लांचा तो फोटो काढून तुमच्यापुढे ठेवेन.