डोळ्याच्या लांबीचा तो एक कागद

माझ्या मुलीच्या चष्म्याचा नंबर एका वर्षात उणे दीडवरून उणे अडीचवर गेला, तेव्हा ती आठ वर्षांची होती. पणजीतल्या डॉक्टरांनी नंबर वाढण्याचा वेग कमी व्हावा म्हणून रात्री झोपताना घालायचे अत्यल्प तीव्रतेचे अ‍ॅट्रोपीनचे थेंब सुचवले आणि ते त्याच आठवड्यात सुरू झाले. अडले ते एका कागदावर.

डोळ्यावर ताण देऊन पाहणाऱ्या मुलाचा उणे नंबर असतो त्याहून जास्त भरतो. नेत्रगोलाची पुढून मागपर्यंतची लांबी मात्र अशी फसवत नाही. ती एक मिलिमीटर वाढली की नंबर साधारण अडीच ते तीनने वाढतो. थेंबांपूर्वी ही वाढ किती वेगाने होत होती हे ठरवण्यासाठी डॉक्टरांना वर्षापूर्वीचे मोजमाप हवे होते. ते आधीच्या रुग्णालयात माझ्यासमोर यंत्रावर घेतले होते, पण हाती दिलेल्या कागदावर फक्त नंबर होता.

डिचोलीहून मी तिथे चार खेपा घातल्या. पहिल्या खेपेला खिडकीवर सांगितले, की हा अहवाल पालकांना देत नाहीत. दुसऱ्या खेपेला अर्ज लिहून घेतला. तिसऱ्या खेपेला ज्यांची सही हवी होती ते रजेवर होते, आणि दर वेळी माझी स्वतःची रजा खर्ची पडत होती. "नंबर दिलाय ना, मग आणखी काय हवे?" असे मला विचारले गेले, जणू मुलीच्या डोळ्यांची नोंद मागणे हा माझा आगाऊपणा होता. अखेर गणेशचवथीच्या तोंडावर एका तंत्रज्ञ मुलीने यंत्रातली नोंद शोधून पाच मिनिटांत छापून दिली. एवढ्याशा कामाला सात आठवडे लागले याचा राग अजून ओसरलेला नाही. म्हणून पहिल्याच तपासणीत लांबीच्या मोजमापाची प्रत मागून घ्या.

कागदावर उजवा डोळा २३.४१ मिलिमीटर होता, पणजीत तो २३.८२ भरला होता. थेंबांच्या सहा महिन्यांनंतर २३.९१ भरला, आणि मला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

बाहुली मोठी करून केलेल्या तपासणीनंतर जवळचे वाचायला दुसऱ्या दिवसापर्यंत त्रास होऊ शकतो, तेव्हा ती परीक्षेच्या आदल्या दिवशी ठेवू नये. मुद्दाम कमी नंबराचा चष्मा दिल्याने वाढ थांबते, हा आमच्या घरातलाही समज चुकीचा निघाला. रोज दोन तास उघड्यावर खेळणे आम्ही पावसाळ्यातही सोडले नाही, कारण ढगाळ अंगणातला उजेडही खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. आणि एक सांगायचे राहिले: थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबून धरावा, म्हणजे औषध घशात उतरत नाही.