टोमॅटोची मर आणि ट्रायकोडर्मा: लावणीनंतर ५२ वा दिवस

गेल्या हंगामात गच्चीवरच्या बारापैकी सात झाडांनी फळं धरल्यावर जीव सोडला. खालची पानं आधी एकाच बाजूने पिवळी पडायची, दुपारी झाड मान टाकायचं, संध्याकाळी सावरायचं आणि एक दिवस सावरायचंच नाही. खोड उभं चिरलं तर आत तपकिरी रेषा. खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्यात धरला, दुधट धार सुटली नाही. म्हणजे जिवाणूजन्य मर नव्हे, फ्युजेरियम या मातीतल्या बुरशीचीच. ही ग्लासातली परीक्षा आधी कराच, दोन्ही रोगांत झाड वरून सारखंच मलूल दिसतं.

या बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. तरीही जुनी माती फेकली नाही आणि उन्हात तापवलीही नाही. सगळी एकत्र कालवून बारा ग्रो बॅग भरल्या: आठ ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीवर जगणारी उपयोगी बुरशी) मिसळलेल्या शेणखताच्या, चार नुसत्या शेणखताच्या. त्या चार मुद्दाम वाऱ्यावर सोडताना वाईट वाटलं, पण त्यांच्याशिवाय फरक कशाशी ताडून बघणार?

सर्वात जास्त वेळ ट्रायकोडर्माची पावडर जिवंत आहे का हे तपासण्यात गेला. पहिलं पाकीट उकडलेल्या ज्वारीवर भुरभुरलं, आठवडाभरात काहीच उगवलं नाही. दुकानात ते उन्हात ठेवलेलं होतं. दुसऱ्या पाकिटाने चौथ्या दिवशी ज्वारी हिरवीगार केली. शेजारच्या बरणीत पावडर न घातलेली ज्वारीही ठेवली होती, कारण हिरवी बुरशी हवेतूनही येऊन बसते.

मग १० किलो कुजलेल्या शेणखतात १०० ग्रॅम पावडर मिसळली, ओल्या गोणपाटाखाली सावलीत पंधरा दिवस ठेवून दर चार दिवसांनी खालीवर केली. बियाण्याला चिमूटभर चोळली, लावणीच्या वेळी मुळं लिटरला १० ग्रॅमच्या द्रावणात वीस मिनिटं बुडवली. मला यातलं शेणखत सर्वात महत्त्वाचं वाटतं. ट्रायकोडर्माला आधी जागा आणि अन्न मिळालं तर ती मुळांभोवती ठाण मांडते, रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेढे घालते, त्यांचं कवच विरघळवून त्यांच्यावरच जगते. झाडाच्या आत शिरलेल्या फ्युजेरियमपर्यंत मात्र ती पोचत नाही. म्हणून पिवळ्या पडलेल्या झाडाला आळवणी (मुळाशी ओतायचं द्रावण) घालून मी कधीच आशा लावत नाही.

आजची स्थिती: नुसत्या शेणखताच्या चारपैकी दोन झाडं गेली, तिसऱ्याची खालची पानं पिवळी होताहेत. आठांपैकी एक गेलं. बाकी सात हिरवी आहेत, पाचांवर लिंबाएवढी फळं आहेत. मेलेल्या तिन्हींची खोडं चिरली, तिन्हींत तपकिरी रेषा. ती झाडं कंपोस्टमध्ये न टाकता पिशवीत बांधून बाहेर काढली.

कार्बेन्डाझिम या रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी या बॅगांमध्ये पूर्ण बंद आहे, त्याने ट्रायकोडर्माही मरते. आता ऑक्टोबरची उष्णता येईल. माती २८ अंशांच्या आसपास गेली की फ्युजेरियमला जोर चढतो. रविवारी सातही बॅगांत तेच शेणखत पुन्हा दोन-दोन मुठी घालणार आहे, वर उसाच्या पाचटाचं आच्छादन.