आश्रमातलं मांजर

वृद्धाश्रमात प्राणी पाळू द्यावेत का, यावर समितीची बैठक होते तेव्हा मांजर आधीच कोठीच्या दारात ऐसपैस बसलेलं असतं. बेळगाव-खानापूरकडच्या कौलारू इमारतीत उंदीर आले की तेही येतं. परवानगीचा अर्ज करत नाही. मग ते चोरून पोसायचं की रीतसर, एवढंच ठरवायचं उरतं. रीतसर बरं. चोरून पोसलेल्या मांजराला लस कोण टोचणार?

सगळ्यात मोठी अडचण असते खाण्याची. निपाणी-चिकोडी भागात कित्येक स्वयंपाकघरांत अंडंसुद्धा चालत नाही, आणि आज्ज्या मायेनं दूध-भाकरी घालतात. मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य लागतं, ते मांसातूनच मिळतं. वर्षानुवर्षं नुसत्या दूध-भाकरीवर ठेवलं तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. शिवाय मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही, हगवण लागते. म्हणून मांजराचं पाकीटबंद खाद्य आणावं, ते ऑफिसच्या कपाटात ठेवावं आणि वाटी बाहेरच्या नळावर धुवावी. सोवळंही राहतं. मात्र वाढणारा हात एकच हवा, नाहीतर दहा खोल्यांत दहा न्याहाऱ्या होतात आणि बोका पिंपासारखा फुगतो.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. खानापूरच्या धारेत मांजर बाहेर जात नाही, मग शी-शूसाठी आत पाट्या ठेवाव्या लागतात: मांजरं जितकी, त्याहून एक जास्त. वाळू सुकत नाही. वखारीतला कोरडा भुसा दोन इंच पसरावा. विष्ठा रोज उचलायचीच, कारण तिच्यातून टोक्सोप्लाझ्मा नावाचा रोगकारक परजीवी पसरू शकतो आणि त्याला संसर्गजन्य व्हायला एक ते पाच दिवस लागतात. हे काम सेवकानं हातमोजे घालून करावं, केमोथेरपी चालू असलेल्या आजोबांनी मुळीच नाही.

म्हाताऱ्यांची कातडी पातळ, त्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. साधा ओरखडाही वाहत राहतो. पंधरवड्याला नखांची टोकं कापावीत. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं, मग लगेच सरकारी दवाखाना. हळद-चुना नको. उलट धोकाही असतो: उशाखालून घरंगळलेली पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. रात्री पायांत येऊन कुणी पडू नये म्हणून गळ्यात घुंगरू आणि वाटेत झिरोचा दिवा हवा.

कुत्र्याबद्दल मात्र हात आखडता घ्यावा. तरणं कुत्रं पट्ट्याला हिसका देतं आणि खुबा मोडतो. असलंच तर वयस्क, शांत आणि दरवर्षी रेबीजची लस टोचलेलं. पोपट मागणारे आजोबा हमखास भेटतात, पण आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो.

पिल्लू तर नकोच. मांजर पंधरा वर्षं जगू शकतं. सत्तरी ओलांडलेल्याच्या खोलीत पाच-सहा वर्षांचं शोभतं. जनावर आश्रमाच्या नावावर ठेवावं आणि लसीच्या कार्डावर सांभाळणाऱ्याची दोन नावं लिहावीत. आज्जी दवाखान्यात गेली की त्या रात्री वाटी कुणी भरायची, हे तिथं वाचता यावं.