कोल्हापूरचे राजे, कोल्हापूरबाहेर

सोमवारी कोल्हापुरात उतरलो ही पहिली चूक. टाउन हॉलचं म्युझियम बंद. "सोमवारी कुठलं म्युझियम उघडं असतंय? निघायच्या आधी फोन करायचा न्हवं," असं म्हणत मामींनी पुढ्यात दुसऱ्यांदा पांढरा रस्सा वाढला. पोट भरलं, दिवस मात्र रिकामा गेला.

दुसरी चूक रिक्षात. "राजवाड्याला सोडा" म्हणालो आणि उतरलो भवानी मंडपात. कोल्हापुरात नुसतं राजवाडा म्हटलं की जुना राजवाडा. घड्याळाच्या मनोऱ्याचा, म्युझियमचा वाडा हवा असेल तर 'न्यू पॅलेस' असंच म्हणायचं. दोन्हींत रिक्षाचं चांगलं भाडं पडतं.

मी आलो होतो ते एका कुतूहलापोटी. कोल्हापूर ही करवीर राज्याची राजधानी. पन्हाळ्यावरून गादी खाली शहरात आली ती १७८२ साली. पण एकोणिसाव्या शतकातल्या इथल्या राजघराण्यातल्या माणसांच्या तारखा वहीत उतरवत होतो तेव्हा लक्षात आलं, की यातल्या बऱ्याच जणांचा शेवट या राजधानीत झालाच नाही. मग ठरवलं, त्यांची नावं शहरात कुठे कुठे उरलीत ते बघत फिरायचं.

सुरुवात चिमासाहेब चौकापासून. रिक्षावाल्यांना चौक तोंडपाठ, चिमासाहेब कोण हे विचारलं तर "राजे असतील की कोणतर." ते राजे नव्हते, राजांचे भाऊ. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरातल्या २७ व्या पलटणीनं उठाव केला, तो चिरडला गेला, आणि त्यामागे चिमासाहेबांचा हात असल्याचा संशय धरून इंग्रजांनी १८५८ मध्ये त्यांना थेट कराचीला नेऊन ठेवलं. तिथेच १८६९ मध्ये ते गेले. पंचगंगेचं पाणी पुन्हा दिसलं नाही.

मग राजाराम महाराज, या नावाचे दुसरे. यांच्यासाठीच मी दोन दिवस काढले होते. १८६६ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसलेला हा मुलगा १८७० मध्ये विलायतेला गेला, व्हिक्टोरिया राणीला भेटला, रोज इंग्रजीत डायरी लिहीत राहिला. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्सला आजारी पडला आणि ३० नोव्हेंबरला वारला. वय अवघं विशीतलं. योगायोग बघा, फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, म्हणजे एका राजधानीचा राजा दुसऱ्या राजधानीत गेला. प्रेत जाळायची तिथे कुणाला सवय नव्हती. बरोबरच्या मंडळींना नद्यांचा संगम हवा होता, आणि तो मिळाला आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांचा. परवानगी मिळाली आणि तिथेच चिता रचली गेली. पुढे १८७४ मध्ये त्या जागी स्मारकाची छत्री उभी राहिली, आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. १९७८ मध्ये शेजारी पूल झाला, त्याला तिथले लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात. आपल्याकडे त्यांचं नाव राजाराम कॉलेजला आहे, पण ते कुठले राजाराम हे तिथे शिकलेल्या माझ्या मामालाही सांगता आलं नाही. "ताराराणींचे ना?" म्हणाला.

मंगळवारी टाउन हॉल उघडा मिळाला. सीपीआर हॉस्पिटलसमोरची ही इमारत मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदानं आखलेली. आणि फ्लॉरेन्सची ती छत्रीही त्याचीच! न्यू पॅलेसही. टाउन हॉलच्या टोकदार कमानींखाली उभं राहून हे आठवलं, की इकडे बांधणाऱ्यानंच तिकडे राजाची आठवण बांधली. मँट स्वतः १८८१ मध्ये वारला, न्यू पॅलेस १८८४ मध्ये पुरा झाला, तो त्याला बघायला मिळाला नाही. म्युझियममध्ये इथल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेला समुद्रदेव पोसायडनचा ब्राँझचा पुतळा आहे. एवढासा, तळहातात मावेल असा. घाईत चुकवू नका, मी दोनदा पुढे निघून गेलो होतो.

शिवाजी महाराज (या नावाचे चौथे) हा सगळ्यात दुखरा विषय. पोरवयाच्या राजाला वेडा ठरवून ठेवलं, त्याचा छळ होतो म्हणून 'केसरी'नं लिहिलं, बदनामीचा खटला झाला. टिळक-आगरकरांचे डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस आपण शाळेत पाठ करतो, पण ते कुणासाठी, ते कुणी विचारत नाही. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ ला, अहमदनगरला राखणदार गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराज गेले. विशीतच.

दुपारी न्यू पॅलेस. दरबार हॉलच्या रंगीत काचांत शिवछत्रपतींचे प्रसंग आहेत. तिथे पाच मिनिटं तरी बसा. वाघाच्या पंज्यांपासून केलेल्या वस्तू पाहून सोबतच्या लहान भाच्यानं तोंड फिरवलं, त्यामुळे मुलं असतील तर आधी सांगून ठेवा. आत फोटो काढू देत नाहीत, मोबाईल खिशातच बरा.

राहिले शाहू महाराज. कागलच्या घाटगे घराण्यातले, १८८४ मध्ये दत्तक आले, आणि १९०२ मध्ये नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासांना राखून ठेवल्या, हे कुणाला सांगायला नको. तेही ६ मे १९२२ ला मुंबईला खेतवाडीत, पन्हाळा लॉजमध्ये गेले. पण त्यांचं समाधीस्थळ इथे नर्सरी बागेत आहे, टाउन हॉलपासून जवळच. तिथे संध्याकाळी गेलो. एक आजोबा कठड्यावर बसून पोराला जिलेबी भरवत होते. आमच्याकडे बघून म्हणाले, "बसा की, घाई कशाला?"

वेळ कमी असेल तर क्रम असा धरा: सकाळी टाउन हॉल आणि नर्सरी बाग चालत, दुपारी रिक्षानं न्यू पॅलेस, ऊन उतरल्यावर भवानी मंडप आणि अंबाबाई, तिथून खासबागेत भेळ. दसऱ्याला आलात तर दसरा चौकात सीमोल्लंघनाला राजघराण्याची जुनी मेबॅक गाडी येते, त्यासाठी गर्दीत लवकर जागा धरा. मिसळ तिखटच असते. कट वेगळा मागून घ्या. आणि रात्री गंगावेशीत दूधकट्ट्यावर जा, म्हैस समोर उभी करून पेल्यात धार काढून देतात. माझ्या पेल्याला मिशीभर फेस आला होता. भाचा म्हणाला, "इटलीत मिळतं का रे मामा असं?"