टाकीत ८ बार, गनवर १५ पीएसआय

यंदा अधिक ज्येष्ठामुळे गणपती थेट १४ सप्टेंबरला आहेत. घरी शाडूच्या मूर्ती करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यामुळे हाताशी जास्त दिवस मिळाले. पावसाळा मात्र त्यामुळे पुढे सरकत नाही. मूर्ती वाळवायची पावसात, रंगवायचीही पावसात, आणि एअरब्रशमधून, म्हणजे रंग फवारणाऱ्या छोट्या गनमधून, जी हवा मारायची ती मुंबईची. म्हणून यंदाच्या नोंदी रंगांपासून नाही, हवेपासून सुरू करतोय.

आधी बदल सांगतो. इतकी वर्षं ज्या छोट्या कॉम्प्रेसरवर, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणाऱ्या पंपावर, काम चाललं, त्याला ३ लिटरची टाकी होती. ४ बारला मोटर बंद, ३ बारला चालू (बार आणि पीएसआय ही दोन्ही हवेच्या दाबाची मापं). आता २४ लिटरचा, तेल न लागणारा कॉम्प्रेसर घेतलाय. तो ८ बारला बंद होतो आणि ६ बारला चालू. खोली तीच, परळची, चाळीतली. आकडे बघून वाटेल की एअरब्रशला १५-२० पीएसआय लागतात, म्हणजे जेमतेम १ ते १.४ बार, मग ८ बार हवेत कशाला? यंदाचं सगळं काम या प्रश्नाभोवती फिरलं.

टाकीतला दाब आणि गनवरचा दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही वेगवेगळ्या जागी ठरतात. टाकीतला दाब प्रेशर स्विच ठरवतो. मोटरच्या डोक्यावर जी काळी डबी असते, तो हा स्विच. आत स्प्रिंग आणि पडदा असतो. दाब वर गेला की वीज तोडतो, खाली आला की जोडतो. मोटर बंद होताना ‘फुस्स’ असा आवाज येतो तोही इथलाच. पंपाच्या डोक्यात अडकलेली हवा तो सोडून देतो, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला भाराविना सुरू होता येतं. हा आवाज यायचा थांबला आणि मोटर नुसती गुरगुरून एमसीबी (विजेचा खटका) पाडायला लागली, तर आधी इथे बघा. त्या डबीतले स्क्रू फिरवून ८ चे १० बार करता येतात, असं बरेच जण सांगतात. करू नका. टाकी ज्या दाबासाठी बनवली त्याचा आकडा तिच्या पट्टीवर कोरलेला असतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच हिशोबाने बसवलेला असतो. शिवाय झाकणाखाली उघड्या तारा असतात. तो स्क्रू आपल्यासाठी नाहीच. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी मात्र अधूनमधून ओढून बघावी, हवा जोरात सुटली की व्हॉल्व्ह मोकळा आहे.

आपल्यासाठी आहे तो रेग्युलेटर, गनवरचा दाब तो ठरवतो. नॉब वर ओढायचा, फिरवायचा, दाबून परत लॉक करायचा. घड्याळाच्या दिशेने फिरवला की दाब वाढतो, उलट फिरवला की उतरतो. नॉब आत एक स्प्रिंग दाबतो, स्प्रिंग पडद्याला ढकलते, पडदा खालचं झडप उघडतो. पलीकडचा दाब वाढला की तोच पडद्याला उलट रेटतो आणि झडप बंद होतं. एवढीच यंत्रणा, पण तिचे दोन स्वभाव कळले की अर्धं काम सोपं होतं.

एक म्हणजे, दाब नेहमी खालून वर आणून लावायचा. २० वरून १५ वर यायचं असेल तर आधी १० पर्यंत उतरायचं आणि मग चढत १५ ला थांबायचं. वरून खाली येताना आतल्या घर्षणामुळे काटा एक दाखवतो आणि थोड्या वेळाने दाब दुसरीकडेच जाऊन बसतो. दुसरं म्हणजे, दाब वाचायचा तो ट्रिगर दाबलेला असताना. माझ्याकडे हात मोकळा असताना १८ दिसतात, हवा सुरू केली की १५ होतात. कुणी ‘मी १५ वर मारतो’ म्हटलं की पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की ट्रिगर दाबून की सोडून? सोंडेच्या वळ्यांच्या शेडिंगला तीन पीएसआयचा फरक सरळ डोळ्यांना दिसतो.

इथेच गेजचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्याच्या डायलचा, मुद्दा येतो. कॉम्प्रेसरसोबत आलेलं गेज ० ते १२ बारचं होतं. अशी गेज साधारणपणे २.५ वर्गाची असतात, म्हणजे पूर्ण मापाच्या अडीच टक्क्यांपर्यंत चूक चालते. १२ बारचे अडीच टक्के ०.३ बार, म्हणजे चार पीएसआयहून जास्त. १५ पीएसआय लावायचेत आणि काटा चार इकडे-तिकडे, तर त्याला मोजणं म्हणत नाहीत. नागदेवी स्ट्रीटवरून ० ते ४ बारचं गेज आणलं. त्याच वर्गाचं, पण चूक ०.१ बारच्या आत, दीड पीएसआय. खर्च नगण्य, फायदा मोठा. तिथे जाणाऱ्यांसाठी एक सूचना: दुकानदार ‘आठ किलो, दहा किलो’ अशा भाषेत बोलतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला तेवढे किलो. १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय आणि १ बार म्हणजे १४.५, आपल्या कामापुरते दोन्ही सारखेच धरा. कॉम्प्रेसरला पाव इंची चुडी (आटे) असते, एअरब्रशच्या नळीला बहुतेक वेळा एक अष्टमांश, तेव्हा मधला रिड्युसर त्याच फेरीत घेऊन टाका. टेफ्लॉन टेप गुंडाळली की साबणाचा फेस लावून प्रत्येक जोड तपासायचा. रात्रभरात टाकीचा काटा उतरला तर कुठेतरी फुगा फुटतोच आहे.

आता पाण्याबद्दल, कारण मुंबईत खरी लढाई त्याच्याशीच आहे.

३० अंशांच्या हवेत एका घनमीटरला साधारण ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्के धरली तर २६ ग्रॅम आधीच भरलेले. आपली २४ लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरायला बाहेरची सुमारे १९० लिटर हवा आत कोंबावी लागते. तिच्यासोबत पाच-साडेपाच ग्रॅम पाणी येतं. पण टाकीची जागा २४ लिटरच, आणि तेवढ्या जागेत त्या तापमानाला एक ग्रॅमसुद्धा वाफ राहू शकत नाही. उरलेलं सगळं पाणी होऊन तळाला बसतं. टाकी एकदा भरली की चहाचा एक चमचा पाणी, हा हिशोब. ड्रेन कॉक (तळाची तोटी) उघडला की तपकिरी पिचकारी येते ती हीच, आणि ती आत ठेवली तर टाकी आतून गंजते. रोज काम संपलं की काढायचीच.

गंमत पुढे आहे. पाणी गळून गेल्यावर टाकीतली हवा पूर्ण भिजलेली असते, पण ती रेग्युलेटरमधून ८ बारवरून १.४ बारला उतरते तेव्हा पसरते, आणि पसरलेली हवा कोरडी होते. वातावरणाचा १ बार दोन्हीकडे धरून ९ ला २.४ असं प्रमाण येतं, म्हणजे गनपर्यंत पोचणारी हवा २७ टक्के आर्द्रतेची. खिडकीबाहेर ८५ टक्के आणि नळीत २७. जुन्या कॉम्प्रेसरवर हेच प्रमाण ५ ला २.४ किंवा ४ ला २.४, म्हणजे ४८ ते ६० टक्के. शिवाय ती छोटी मोटर सतत चालायची, टाकी गरम व्हायची, गरम हवा वाफ घेऊन नळीत शिरायची आणि नळीत थंड झाली की थेंब. तो थेंब बरोबर कपाळावरच्या गुलाबी छटेत पडतो. आपण सगळ्यांनी पाहिलंय.

म्हणून टाकीत दाब जास्तीत जास्त ठेवायचा आणि गनवर कमीत कमी. दोहोंमधलं अंतर जितकं मोठं, तितकी हवा कोरडी. पण त्यासाठी टाकी निवलेली हवी. माझा क्रम आता ठरलाय: टाकी भरायची, मोटर बंद करायची, अर्धा तास हात लावायचा नाही, मग तळाचं पाणी काढायचं आणि नंतरच एअरब्रश जोडायचा. पाण्याचा सापळा रेग्युलेटरच्या आधी, जास्त दाबाच्या बाजूला बसवलाय, कारण पाणी तिथेच सुटतं. गनच्या बुडाशी छोटा सापळा आहे तो निव्वळ मनाच्या समाधानासाठी, गेल्या काही दिवसांत त्यात थेंब दिसलेला नाही.

चाळीतल्या आवाजाचा प्रश्नही यातून सुटला. जुना कॉम्प्रेसर आवाजाने लहान, पण ४ वरून ३ बारला येईपर्यंत त्याच्याकडे बाहेरच्या मापाने फक्त ३ लिटर हवा. माझा ०.३ मिलिमीटर सुईचा एअरब्रश मिनिटाला बारा-एक लिटर खातो, म्हणजे पंधरा सेकंदांत मोटर चालू. नवीन मोठा आवाज करतो, पण संध्याकाळी एकदाच. ८ वरून २ बारपर्यंत यायला त्याच्याकडे १४४ लिटर आहेत, ट्रिगर सलग दाबून धरला तरी बारा मिनिटं. शेडिंग करताना कोण सलग दाबतो? रात्री शेजारी झोपल्यावर प्लग काढलेला असतो, खोलीत फक्त गनची सुरसुर ऐकू येते, आणि एक मूर्ती आरामात होते.

यात एक अडचण निघाली, तीही लिहून ठेवतो. टाकी ८ वरून २ कडे उतरत जाते तसा गनवरचा दाब हळूहळू चढतो. उलट वाटतं, पण कारण साधं आहे. टाकीतली हवा खालून झडपाला बंद करायच्या दिशेने रेटत असते. टाकी रिकामी होते तसा तो रेटा कमी होतो, स्प्रिंगचं फावतं आणि झडप जरा जास्त उघडं राहतं. माझ्याकडे १५ चे १८ झाले. उपाय म्हणजे दोन रेग्युलेटर एकामागे एक. पहिला ३ बारला लावून सोडून दिला, दुसरा टेबलाशी, छोट्या गेजसकट. आता टाकी साडेतीन-चार बारला येईपर्यंत दुसऱ्याला बदल जाणवतच नाही. त्याखाली गेली की रात्रीचं काम थांबवायचं. मिनिटं कमी होतात, पण दाब जागेवर राहतो. लांब एक्स्टेंशन वायर लावून मोटर टेबलाजवळ आणण्यापेक्षा हवेची नळी लांब घ्या. जुन्या वायरिंगवर मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं.

लालबागला एका कारखान्यात जुन्या रंगारी काकांना मी हे आकडे दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “काट्याकडे एकदा बघ, मग थेंबाकडे बघ. काटा रंग ओळखत नाही.” त्यांची परीक्षा मी आता रोज करतो. फुटलेल्या शाडूच्या तुकड्यावर प्रायमर मारून ठेवलाय, त्यावर आधी एक ठिपका मारायचा. ठिपक्याला कोळ्यासारखे पाय फुटले तर दाब जास्त, नाहीतर रंग पातळ, नाहीतर हात फार जवळ. कणी-कणी पडली तर दाब कमी किंवा रंग घट्ट. हात फिरवल्यावर खडूसारखी भुकटी लागली तर रंग मूर्तीवर पोचायच्या आधीच वाळतोय, दाब उतरवा आणि जवळ या. ॲक्रिलिक दुधाइतकं पातळ केलं की ०.३ च्या सुईला १५ पुरतात. त्याहून पातळ केलं तर १२ लाही छान चालतं, आणि सोंडेखालची सावली तिथेच खरी उतरते: गन चार-पाच सेंटिमीटरवर, आधी नुसती हवा, मग ट्रिगर केसभर मागे. सावली पहिल्या फेरीत दिसतच नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीत सोंड पोटापासून सुटून पुढे येते.

अंगाचा पहिला हात ०.५ च्या सुईने २५ वर. कच्च्या शाडूवर थेट एवढा दाब नको, पृष्ठभागाची माती उडते. आधी प्रायमरचे दोन हलके हात २० च्या आत. मोत्याच्या चकाकीचे रंग जाड कणांचे, त्यांना ०.५ आणि २२ च्या आसपास. आखणी अर्थातच ब्रशने, तिथे हवेचं काम नाही. रंग पाण्याचा असला तरी मास्क लावा आणि खिडकी उघडी ठेवा. हवेच्या झोताने आपल्या अंगावरची धूळ झटकू नका, ८ बारच्या टाकीजवळ तर नाहीच.

सध्या एक फुटी मूर्तीचं अंग आणि कान झालेत, छोट्या दोघी प्रायमरवर आहेत. पीतांबराचा पिवळा काल मारला, काठ अजून ओले आहेत. ते वाळले की निऱ्यांच्या खाचांत तपकिरी छटा १२ वर मारून बघणार आहे, आणि पहिला रेग्युलेटर ३ ऐवजी अडीचला ठेवला तर रात्रीची किती मिनिटं परत मिळतात तेही मोजायचंय. कुणी ते आधी करून पाहिलं असेल तर सुईचं माप आणि ट्रिगर दाबलेला असतानाचा आकडा, दोन्ही कळवा.